मापाचे खांब

अण्णा,

धारूरच्या किल्ल्यातल्या तळ्याकाठी आता एक फलक लागला आहे. त्यावर तुमचं नाव आहे. ते तिथे कसं लागलं हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून लिहिते.

गावातली काही तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी किल्ल्यावर जातात, तटावरची झुडपं तोडतात, बाहेरून आलेल्यांना दरवाजे आणि बुरूज दाखवतात. त्यांच्यातल्या एकानं मला लातूरला फोन केला. दुष्काळात ज्या मजूर सोसायटीनं या तळ्याचा गाळ काढला तिच्या चेअरमनचं नाव दगडावर असावं, असं त्यांच्या मनात होतं. "मॅडम, तुमी दोन ओळी लिहून द्या. तुमी मराठीच्या." बोलणं नम्र होतं. मी विचारलं, दगडाचा खर्च कोण करतंय, आणि जवळ कुठली निवडणूक आहे का. तो हसला. "तुमी अण्णांच्याच लेक हाव," म्हणाला. त्यानं तुम्हाला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा त्याचा बाप शाळेत जात असेल. तरी एवढं त्याला ठाऊक होतं.

तुमच्या संशयाची गावात ख्यातीच होती. रेशनची साखर घरी आणून पुन्हा तोलायचात. दूध आलं की थेंब नखावर धरून पाहायचात. पाहुणा निघताना दोनदा "येतो" म्हणाला, तर तो गेल्यावर आईला विचारायचात, त्याच्या मनात काय राहिलं असेल. आई म्हणायची, "पोटात ऱ्हायलं असंल. तुमी वाढू दिलं न्हाई." तुम्ही हसत नसायचात. चुलीसमोर पाटावर बसून तुम्ही पहिला घास घेण्याआधी भाकरी उलटून पाहायचात, आणि आई भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहायची. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. घरात एक माणूस असा असतो, एवढंच त्यात होतं.

दिवाळीनंतर तुम्ही मला एस.टी.नं एखादी जुनी जागा दाखवायला न्यायचात. इतर मुलींचे बाप त्यांना जत्रेला न्यायचे. लोकांना वाटायचं, चेअरमनला इतिहासाची आवड आहे. तुम्ही तिथे तपासणीला जायचात. बीडच्या कंकालेश्वराच्या देवळात माणसं कोरीवकाम पाहत उभी असतात आणि तुम्ही दोन दगडांच्या सांध्यात नख घालून पाहता आहात. अंबाजोगाईच्या लेण्यातल्या दगडी हत्तीला मी हात लावते, तर तुम्ही वाकून त्याच्या पोटाखाली बघता. खजाना विहिरीचं पाणी कधी चढत नाही, कधी उतरत नाही, असं तिथल्या माणसानं सांगितलं. तुम्ही मान डोलावली. तो पाठमोरा झाल्यावर खिशातून कोळसा काढून पाण्याच्या रेषेशी दगडावर खूण केलीत. कोळसा घरून आणला होता. उन्हाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा खूण नव्हती. "पुसली कुनीतरी," तुम्ही म्हणालात. पाणी चढलं असेल, मी म्हणाले. "मग चढतं म्हन की." दोन्ही बाजूंनी तुम्हीच बरोबर होता. धारूरच्या किल्ल्यातून बीडपर्यंत भुयार जातं असं सगळा गाव सांगायचा. तुम्ही बॅटरी घेऊन आत शिरलात आणि मी भ्यायच्या आत बाहेर आलात. "मोरी हाय," म्हणालात, आणि धोतर झटकलंत.

मी पुढे मराठी शिकवायला लागले. कविता हातात आली की कवीनं कुठे नुसती भर घातली आहे हे मी आधी शोधायची. मुलं मला भ्यायची. तुमच्याकडून मला शेत मिळालं नाही, ते भावांना गेलं. हे मिळालं.

बहात्तरच्या दुष्काळात मी अंबाजोगाईला कॉलेजात होते. वसतिगृहाची विहीर आटली, जेवणघर बंद झालं, आम्हाला घरी पाठवलं. गावातली माणसं खडी फोडायला जात होती. दरवर्षी ऊसतोडीला जाणारी घरंही अडकून पडली होती, कारण ऊसच नव्हता. तुमच्या सोसायटीला किल्ल्यातल्या तळ्याचं काम मिळालं आणि आसपासच्या गावांतून टोळी जमली. तळं कोरडं ठक्क पडलं होतं. तळाशी गाळाची भेगाळलेली पापडी, तिच्यात वाळलेलं शेवाळ आणि शिंपले.

गाळ मोजायची रीत अशी होती. खोदताना मधेमधे मातीचे खांब न खोदता सोडायचे. खांबाचा माथा म्हणजे जुना तळ. माथ्यापासून खाली जितकं खोल, तितकं काम झालं, आणि त्यावर टोळीची मजुरी. ओव्हरसियर येऊन खांबाला पट्टी लावायचा. खांबाच्या माथ्यावर कुणी हळूच मातीचा थर चढवला, तर न खोदता काम वाढायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तुम्ही रोज पहाटे, टोळी यायच्या आधी, एकटे तळ्यात उतरून खांब पाहून यायचात. तुमच्यावर कुणी संशय घेतला नाही. संशय घेणं हे तुमचंच काम होतं.

पिण्याच्या पाण्याचं टिपाड, म्हणजे मोठं पिंप, बैलगाडीनं वर यायचं आणि बुरजाच्या सावलीत ठेवलं जायचं. त्यावर राखणीला तुम्ही मला बसवलंत, कारण बाहेरच्या कुणावर तुमचा विश्वास नव्हता. संध्याकाळी झाकणावर दोरी मात्र तुम्ही स्वतः बांधायचात, तुमची ती उलटी-सुलटी गाठ, आणि सकाळी स्वतः सोडायचात. मी पाणी तांब्यानं द्यायची. बायका पदरानं तोंड पुसत रांगेत यायच्या. मुकादमाची बायको सगळ्यांत पुढे. "माय, तुज्या हातचं पानी प्यायचं म्हंजी कोर्टात जाऊन आल्यावानी वाटतं," म्हणायची, आणि बाकीच्या हसायच्या. मीही हसायची, पण तांब्या भरून द्यायची नाही.

मुकादम, म्हणजे टोळीचा म्होरक्या, तुमच्याच वयाचा होता. शाळेत तुमच्या शेजारी बसलेला. तुम्हाला "बे" म्हणणारा गावात तो एकटाच. "चेरमन झाला म्हनून शिंगं फुटली का बे तुला?" असं तो भर सोसायटीत म्हणाला होता, आणि तुम्ही टोपीखाली हात घालून चाचपून पाहिलं होतं. तुमचा तेवढाच एक विनोद माझ्या लक्षात आहे. दुपारी तुम्ही दोघं तटाला टेकून एकाच बिडीवर बसायचात. तो बोलायचा, तुम्ही ऐकायचात.

मग गाळ संपून मुरूम लागला. कुदळ उडायला लागली. दिवसभर खपून खोली वाढेना, मजुरी घटली. कामावर सरकारी सुकडी खायला मिळायची, तिच्यावर पोरं तगली होती. काही घरं काम सोडून, भांडी डोक्यावर घेऊन घाट उतरून गेली. तुम्ही त्यांना जाताना बुरजावरून पाहत होता. त्या दिवसांत तुम्ही घरी फार बोलला नाहीत. भाकरी उलटून पाहिली नाहीत. हे मी तेव्हा पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

त्याच आठवड्यात एका सकाळी तुम्ही टिपाडाची गाठ सोडलीत, आत वाकून पाहिलंत, आणि वळून माझ्याकडे आलात. सगळी टोळी जमलेली. "पानी कमी हाय." मी म्हणाले, काल होतं तेवढंच असेल. "गाठ जशीच्या तशी हाय. म्हंजी काल दिवसा गेलं. तू बसली असताना गेलं. टिपाडावर बसून पुस्तक वाचतीस, लोक डोळ्यांदेखत पानी नेत्यात. कशाला शिकवलं तुला?" सकाळचं ऊन तोंडावर येत होतं. मुकादम खाली पाहून तंबाखू मळत राहिला. त्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. त्यानंतर मी टिपाडावर पुस्तक उघडलं नाही. येणाऱ्या प्रत्येक हाताकडे पाहत राहिले. पुढे आयुष्यभर मी माणसांच्या हाताकडे पाहत आले आहे. माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं होतं, मी काय चोरलंय तुझं.

ओव्हरसियर आला तेव्हा उन्हासाठी छत्री घेऊन आला होता. एका खांबाला पट्टी लावता लावता त्यानं छत्रीचं टोक माथ्यावर टेकवलं. माथा सरकला. भाकरीएवढी पापडी, शिंपल्यांसकट, खाली पडून फुटली. तिच्याखालची माती ओली होती. त्या कोरड्या तळ्यात ती ओल इतकी काळी दिसत होती की लहान मुलंही बघायला आली. मला वाटलं, हे माझं पाणी.

"चेअरमन, हे काय आहे?" ओव्हरसियर म्हणाला. तुम्ही मान वर केली नाहीत. मुकादम पुढे झाला. "माजं काम हाय सायेब. चेरमनला ठावं न्हाई." ओव्हरसियरनं छत्री काखेत घेतली. मग म्हणाला, वर कळवलं तर सोसायटीच बाद होईल आणि काम बंद पडेल. एक माणूस काढा, मी पुढे नेत नाही. तेव्हा तुम्ही बोललात. "आजपास्नं ह्यो मानूस सोसायटीचा न्हाई. ह्यानं तळ्यात उतरायचं न्हाई." मुकादमानं कुदळ खाली ठेवली. "बरं हाय, चेरमन," म्हणाला. "बे" म्हणाला नाही. बायको-पोरांना घेऊन तो गेला, ते आधी तिच्या माहेरी, चौसाळ्याकडे, आणि मग दरसाल ऊसतोडीला. गावात परत राहायला आला नाही.

काम पुरं झालं. पुढच्या पावसाळ्यात तळ्यानं पाणी धरलं आणि अर्धा गाव ते पाणी प्याला. तुमचं नाव झालं, तालुक्याच्या सहकारी संघावर तुम्ही गेलात. मुकादमाचंही नाव राहिलं. गावात कुणी मापात मारलं की लोक म्हणायचे, "मुकादम झाला का बे?" दुकानदार म्हणायचे, पोरं गोट्या खेळताना म्हणायची. एकदा जेवताना आई म्हणाली, "त्येच्या लेकरांचं काय झालं असंल." तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात. मला वाटलं, राग आला.

फोननंतर मी धारूरला गेले. त्या तरुणानं मला किल्ला दाखवला, जणू मी पहिल्यांदाच आले होते. तळ्यात तळाशी थोडं हिरवं पाणी होतं. पाणी पोचत नाही अशा वरच्या कोपऱ्यात मातीचा एक उंचवटा आहे, त्यावर बाभळीचं झुडूप. तिथे कुणीतरी हळदी-कुंकू वाहिलं होतं. "ही सरदाराच्या घोड्याची समाधी," तो म्हणाला. कुणी सांगितलं? "समदे सांगत्यात." मी वाकून पाहिलं. तो मापाचा खांब होता, झिजून बसका झालेला. त्या कोपऱ्यातलं काम तेव्हा अर्धंच राहिलं होतं. मी त्याला सांगितलं नाही. तुम्ही असतात तर सांगितलं असतंत का, हा विचार मात्र आला, आणि नसतं सांगितलं, हे उत्तर मला आवडलं नाही.

मग तो म्हणाला, "चौसाळ्याला एक आजी हायत. त्या कामावर होत्या. आमी गेलतो बोलाया. त्या म्हनल्या, तुमाला न्हाई सांगायची. चेरमनच्या लेकीला धाडा." तिला काय हवं असेल, हे मी वाटेत ठरवत गेले. बऱ्याच गोष्टी ठरवल्या.

हायवेवरच्या दुकानांच्या मागे तिचं घर आहे, सून पुढे चहा विकते. ती ओट्यावर सुपात तुरी निवडत बसली होती. मुकादमाची बायको, आता अगदी वाळलेली, पण हात भराभर चालत होते. माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "टिपाडावर बसायची ती का तू? लई बारीक होतीस. आता बरी भरलीस." सुनेला ओरडून म्हणाली, "हिला चहा दे. कपभर दे, हिनं आमाला कदी तांब्याभर दिलं न्हाई." सून घाबरून माझ्याकडे पाहायला लागली. म्हातारी हसत होती.

मी विचारलं, मला कशाला बोलावलंत. "कावून म्हंजी? तुज्या बापाचं नाव लावायलेत म्हनं तळ्यावर. लावा की. पर आमच्या मालकाला गावानं लबाड केलं, ते कोन काडनार? माजा नातू त्या गावात मुलगी बघाया गेलता. मुलीचा चुलता म्हनला, त्या मुकादमाचा का? तितंच उठले." ती सुपातले खडे काढून भिंतीकडे फेकत होती. "मालक येकटा नव्हता, माय. तुजा बाप संगं हुता."

मग तिनं सगळं सांगितलं. मुरूम लागल्यावर घरं निघून चालली होती. दोघांनी तटावर बसून ठरवलं. पहाटे दोघं उतरायचे, एक पापडी धरायचा, दुसरा खाली ओली माती लावायचा. फार नाही, हातभर पण नाही. धरला गेलो तर मुकादमानं अंगावर घ्यायचं, कारण चेअरमन सापडला तर सोसायटी बुडेल आणि टोळी उपाशी मरेल. दिवाळीनंतर त्याला परत घ्यायचं. "दिवाळीनंतर मालक गेलते तुज्या घरी. दारात हुबे ऱ्हायले. तुज्या आईनं पानी दिलं. म्हनली, घरात न्हाईत. चपला भाईर हुत्या." का, मी विचारलं. "भ्याला असंल. वाटलं असंल, आत घेतलं तर ह्यो बोलंल कवातरी. मालक मरस्तवर बोलले न्हाईत. दारू पिऊन सुदिक न्हाई."

तुम्ही हे स्वतः पाहिलंत का, मी तिला विचारलं. "म्या कशाला बगू. म्या भाकरी थापीत हुते. मालकानं सांगितलं." मग हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. "आन तू काय बगितलंस? टिपाडाची दोरी कोन बांदायचं? कोन सोडायचं? गाठ जशीच्या तशी, आन पानी कमी. तुला बोलला तवा आमी समदे गप बसलो. आमाला समद्यान्ला ठावं हुतं. पोरीला कावून बोलायला, असं मालक घरी येऊन म्हनले."

मी तिला म्हणाले, तुम्हाला काय पाहिजे. ती म्हणाली, "तुजा बाप बी हेच इचारायचा." मग म्हणाली, फलक लावताना गाव जमेल, तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हणायचं, मुकादम एकटा नव्हता. एवढंच. मी विचार करते म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून उठले.

परतीच्या एस.टी.त आणि नंतर पुष्कळ दिवस मी तुमच्या पद्धतीनं विचार केला. तिनं स्वतः पाहिलं नाही. काढून टाकलेला माणूस घरी जाऊन बायकोला काय सांगेल? असंच सांगेल. मी एकटा नव्हतो, चेअरमन संगं होता, मी टोळीसाठी केलं. कुणीही सांगेल. दोरीची गाठ तुमच्या जोडीदाराला येत नसेल कशावरून? तुम्ही शाळेपासूनचे. त्याला तुमची प्रत्येक सवय ठाऊक होती. तिच्या नातवाचं लग्न अडलं आहे, म्हणजे तिला गरज आहे, आणि गरज असलेल्या माणसाची आठवण तपासून घ्यावी. घरापुढे एका पुढाऱ्याचा फ्लेक्स होता, तोही मी मनात धरला. चपला बाहेर होत्या, हे तिच्या नवऱ्यानं पाहिलं, तिनं नाही. आणि तुमच्याकडे चपलांचे दोन जोड होते.

टोळीतले दोघे-तिघे गावात उरले आहेत. मी त्यांना जाऊन विचारलं. एक म्हणाला, "अण्णा देवमानूस." दुसरा म्हणाला, "जुनं कशाला उकरायलीस, बाई." दोघांनीही मला बसायला सांगितलं नाही. मी हेही मोजलं. देवमाणूस म्हणताना तो माझ्याकडे पाहत होता की नाही, ते मोजलं. पाहत नव्हता.

मी त्या तरुणाला कळवलं, अण्णांचं नाव नको, मुकादमाचं लावा. तो गोंधळला. मग तो चौसाळ्याला जाऊन आला आणि त्यानं मला तिचं उत्तर सांगितलं. "दोगांचं लावा. दोगं संगंच गेलते कराया." म्हणून फलकावर दोन नावं आहेत, त्याचं आधी, तुमचं नंतर. वर मी दिलेल्या दोन साध्या ओळी. त्या तरुणाला त्यात विशेषणं हवी होती. मी काढली.

फलक लावायच्या दिवशी ती आली. जीपमधून उतरली, नातवाचा हात झटकला, आणि तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. गाव बऱ्यापैकी जमला होता. भाषणं झाली, त्यांत आदिलशाही आली, निजाम आला, पर्यटन आलं. मग मला उभं केलं. मी म्हणाले, या तळ्यात मापाचा खांब उंच केला गेला, ते मुकादमानं एकट्यानं केलं नव्हतं. माझे वडील बरोबर होते. पायऱ्यांवरून ती म्हणाली, "जरा मोट्यानं बोल. मागच्यान्ला ऐकू गेलं न्हाई." म्हणून मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. तटावर बसलेली माणसंही आमच्याकडे पाहायला लागली.

कुणाला धक्का बसला नाही, अण्णा. मी चेहरे पाहत होते, ते मला येतं. तरुण पोरं एकमेकांना विचारत होती, काय झालं, काय झालं. पण म्हातारी माणसं नुसती खाली पाहत होती, काल-परवाची गोष्ट ऐकावी तशी. देवमाणूस म्हणणाऱ्यानं टोपी नीट केली. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, आणि मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं म्हणाली, "हिला आता कळलं व्हय."

खाली उतरताना मुकादमाच्या बायकोनं माझा दंड धरला, आधारासाठी. वाटेत ती तुमच्याबद्दल बोलली नाही. गुडघ्यांबद्दल बोलली, तुरीच्या भावाबद्दल बोलली, नातवाला आता तिथे मुलगी मिळेल की नाही याची तिला अजून खात्री नव्हती. जीपमध्ये बसल्यावर म्हणाली, "चौसाळ्याला ये. चहा अर्दा ठिवून गेलीस." मी येईन म्हणाले.

हे मी कुठे धाडणार नाही, धाडायला जागाही नाही. तुमच्या हाती पडलं असतं तर तुम्ही कागद उलटून मागे काही लिहिलं आहे का ते पाहिलं असतंत, आणि मग विचारलं असतंत, हे लिहून हिला काय मिळवायचं आहे. मला तुम्हाला विचारायचं होतं की, मला टोळीसमोर बोललात तेव्हा तुम्हाला काय वाटलं. पण तुम्ही खरं सांगितलं असतंत याची मला खात्री नाही. आणि तुम्ही खरं सांगितलं असतंत तरी मी ते तपासलं असतं.

एक मात्र कबूल करते. वर इतक्या शंका लिहिल्या, त्या खोट्या नाहीत, त्या मला खरंच आल्या. पण त्या नंतर आल्या. तिच्या ओट्यावर, तिच्या सुपाकडे बघत बसले होते, तेव्हाच मला सगळं पटलं होतं.